बोटीच्या दुरुस्तीसाठी बोल्ट-स्क्रू निवडताना: आधी जागा बघा, मग धातू

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. बोटी वर ओढलेल्या असतात आणि वर्षभराची दुरुस्ती या दोन महिन्यांत उरकायची असते. फळ्या, रंग, इंजिन यांवर मालक बारीक लक्ष देतो. बोल्ट मात्र पोराला दुकानात पाठवून "स्टीलचे दे" म्हणून आणले जातात. पुढच्या हंगामात पाणी शिरतं ते बहुतेक वेळा तिथूनच.

पहिल्यांदाच बोट घेतलेल्यांसाठी, किंवा आजवर सुतारावर सोडलेलं काम आता स्वतः समजून घ्यायचं आहे अशांसाठी हा लेख आहे. उदाहरणं कोकणातल्या लाकडी आणि फायबरच्या मासेमारी बोटींची आहेत. गोव्यातल्या प्रवासी बोटींना किंवा छोट्या शिडाच्या होड्यांनाही हेच लागू पडतं.

सगळ्यात चांगला धातू कोणता, असं विचारलं तर त्याला उत्तर नाही. तोच ३१६ ग्रेडच्या स्टेनलेसचा बोल्ट डेकवर वर्षानुवर्षं टिकतो आणि पाण्याखालच्या ओल्या फळीत आतून कुरतडला जातो. म्हणून आधी जागा बघायची.

हाताशी काय ठेवायचं

- व्हर्नियर कॅलिपर (साधा चालेल, पण पट्टीवर भागवू नका)
- आट्यांचा गेज, मेट्रिक आणि इंची दोन्ही
- लोहचुंबक, आणि मिळाल्यास मॉलिब्डेनम तपासायचं द्रावण (३०४ आणि ३१६ ग्रेडमधला फरक ओळखायला)
- मल्टिमीटर
- पॉलियुरेथेन सीलंट, अँटीसीझ पेस्ट (आटे जाम होऊ नयेत म्हणून), नायलॉनचे वॉशर
- वही, मार्कर आणि काढलेले जुने बोल्ट ठेवायला पिशव्या
- खरेदीचं बिल, आणि मोठी खरेदी असेल तर मिल टेस्ट सर्टिफिकेट, म्हणजे धातूत काय आहे याचा कारखान्याचा दाखला. पुढे विम्याचा किंवा वादाचा प्रश्न आला तर कागद लागतो.

१. बोटीचे भाग पाडून यादी करा

बोटीभोवती एक फेरी मारा आणि प्रत्येक बोल्ट पुढच्यापैकी कोणत्या गटात बसतो ते लिहा.

कायम पाण्याखाली: पठाण म्हणजे कणा, तळाच्या फळ्या, सुकाणूचे बिजागर, स्टर्न ट्यूब म्हणजे पंख्याचा शाफ्ट बाहेर पडतो ती नळी, पाणी आत घेण्याचा व्हॉल्व्ह.

ओलं-सुकं होणारी जागा: पाण्याच्या रेघेच्या आसपासचा पट्टा, रबरी फेंडर, जाळं ओढायच्या बाजूचा कठडा. मीठ साचतं, वाळतं, पुन्हा भिजतं. साध्या लोखंडाची सगळ्यात जास्त झीज याच पट्ट्यात होते.

डेक आणि वरचा भाग: दोर बांधायचे क्लीट, विंचची बैठक, कप्प्या, रेलिंग.

आतला कोरडा भाग: केबिन, बाकडी, वायरिंगच्या पट्ट्या.

बिल्जला, म्हणजे बोटीच्या आत तळाशी पाणी साचतं त्या जागेला, कोरडा भाग समजू नका. तिथलं पाणी खारं असतं, त्यात डिझेल आणि माशांचं पाणी मिसळलेलं असतं, आणि हवा खेळत नाही. इंजिनच्या बैठकीचे बोल्ट पाण्याखालच्या यादीत धरा.

प्रत्येक नोंदीपुढे तो बोल्ट कशातून जातो तेही लिहा: साग, फायबर, ॲल्युमिनियम की लोखंडी पट्टी. तिसऱ्या आणि चौथ्या पायरीत त्याची गरज पडेल.

२. जुना बोल्ट नीट वाचा

काढलेला बोल्ट लगेच भंगारात टाकू नका. आधी धुवा, पुसा आणि उजेडात धरून बघा.

डोकं चकचकीत आणि दांडी मध्येच बारीक झालेली, कधी सुईने टोचल्यासारखी भोकं पडलेली, असं दिसलं तर तो स्टेनलेस आहे आणि त्याला आत हवा मिळालेली नाही. बारीक झालेली जागा फळी आणि वाक (आतली फासळी) जिथे टेकतात नेमकी तिथेच सापडते, कारण पाणी झिरपून तिथेच अडतं. वरून हातोडीने ठोकून हा दोष कळत नाही.

पितळी स्क्रूचा पिवळा रंग जाऊन तो तांबूस-गुलाबी झाला असेल तर त्यातलं जस्त निघून गेलं आहे. आकार तसाच राहतो, आटेही दिसतात, पण पकडीने वाकवला की बिस्किटासारखा तुटतो.

लोखंडी खिळ्याभोवतीचं लाकूड काळं पडून भुसभुशीत झालं असेल तर गंजाने लाकूडही खाल्लं आहे. अशा भोकात त्याच मापाचा नवा बोल्ट पकड घेणार नाही. भोक मोठं करून पाचर बसवावी लागते किंवा जागा बदलावी लागते.

तांबं-काशाच्या भागाभोवती लाकूड पांढरट, केसाळ, कापसासारखं झालं असेल तर धातू ठीक आहे पण जस्ताच्या वड्या (इतर धातूंची झीज स्वतःवर घेणाऱ्या, आठवी पायरी बघा) गरजेपेक्षा जास्त लावल्या आहेत. तिथे अल्कली तयार होतो आणि तो लाकूड सोलून काढतो. "वड्या जास्त लावल्या की सुरक्षित" ही समजूत लाकडी बोटीला महागात पडते.

३. जागेप्रमाणे धातू ठरवा

स्टेनलेस गंजत नाही याचं कारण त्याच्या पृष्ठभागावरचा क्रोमियम ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. ओरखडा पडला की हा थर आपोआप भरून येतो, पण त्यासाठी ऑक्सिजन लागतो. डेकवर तो भरपूर मिळतो. ओल्या लाकडात रुतलेल्या दांडीला, किंवा सील न केलेल्या वॉशरखाली, खारं पाणी अडकून राहतं आणि ऑक्सिजन संपतो. मग थर तुटला की जुळत नाही आणि क्लोराइड त्या फटीतच आत खोदत जातं. आपल्याकडचं समुद्राचं पाणी कोमट असल्याने हा प्रकार थंड देशांपेक्षा लवकर होतो.

बाजारात "स्टील" म्हणून तीन वस्तू मिळतात. २०१ किंवा २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. स्वयंपाकघरात चालतं, बोटीवर एका पावसाळ्यात लाल पडतं. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ ते १० टक्के निकेल असतं. केबिनच्या आत ठीक, बाहेर चहासारखे तपकिरी डाग धरतं. ३१६ मध्ये वर २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या हवेत फरक पडतो तो त्यामुळेच. डेक, कठडा, रेलिंग, विंच इथे ३१६ शिवाय दुसरं घेऊ नका. यात वाचवलेले पैसे मजुरीत दुप्पट जातात.

लाकडी बोटीच्या पाण्याखालच्या भागाला सिलिकॉन ब्राँझ सर्वांत योग्य: सुमारे ९६ टक्के तांबं, ३ टक्के सिलिकॉन. त्याला हवेची गरज नाही, जस्त नसल्याने ते पितळासारखं पोकळ होत नाही. अडचण एवढीच की आपल्याकडे किरकोळ दुकानात ते सहसा नसतं, ऑर्डर द्यावी लागते. पातळ फळ्यांच्या छोट्या होडीला तांब्याचे खिळे आणि त्यावर तांब्याची चकती ठोकून केलेलं रिव्हेट उत्तम चालतं.

तरीही कोकणातल्या बहुतेक मोठ्या लाकडी बोटी जीआयच्या, म्हणजे गॅल्वनाइज्ड खिळ्या-बोल्टांवर उभ्या आहेत, आणि त्यात काही चूक नाही. जी बोट जीआयने बांधली आहे तिची दुरुस्ती जीआयनेच करा. मधल्या चार फळ्यांना हौसेने ब्राँझ लावलं तर शेजारचे जीआय खिळे भराभर संपतात.

जीआय घेताना अट एकच, गरम जस्तात बुडवलेलं हवं. त्यावरचा थर साधारण ४५ ते ८५ मायक्रॉनचा असतो, रंग मंद राखाडी, हाताला किंचित खरखरीत. आरशासारखं चमकणारं किंवा पिवळसर झाक असलेलं इलेक्ट्रोप्लेटिंग ५ ते १२ मायक्रॉनचं. समुद्रावर त्याचा उपयोग नाही. गरम जस्ताच्या बोल्टाचे आटे जाड होतात, म्हणून त्याचा नट जास्त मोकळा कापलेला असतो. नट-बोल्ट जोडीनेच घ्या. साधा नट चढत नाही म्हणून बोल्टाच्या आट्यांवर डाय फिरवली की जस्त निघून जातं आणि तुमच्या हातात साधा लोखंडी बोल्ट उरतो.

फायबरच्या बोटीत पाण्याखाली ३१६ चालतं, पण भोक पूर्ण सील असेल तरच. दांडीपर्यंत पाणी पोहोचलंच नाही तर कुरतडायला काही उरत नाही. पाणी घेण्याचा व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक मात्र गनमेटल (ब्राँझचाच एक प्रकार) किंवा ब्राँझचीच घ्या. नळकामाच्या दुकानातला पिवळा पितळी व्हॉल्व्ह दिसायला तसाच असतो. तो तुटला तर बोट बुडते, इतकं लक्षात ठेवलं की पुरे.

डुप्लेक्स स्टेनलेस आणि मोनेल हे ३१६ पेक्षा सरस आहेत, पण मासेमारी बोटीला त्यांचा खर्च क्वचितच परवडतो.

४. दोन धातूंची गाठ घालण्यापूर्वी

समुद्राच्या पाण्यात दोन वेगळे धातू एकमेकांना टेकले की बॅटरीचा सेल तयार होतो. एक झिजतो, दुसरा वाचतो. झिजणाऱ्याकडून वाचणाऱ्याकडे क्रम असा: मॅग्नेशियम, जस्त, ॲल्युमिनियम, लोखंड, पितळ, तांबं, ब्राँझ, स्टेनलेस. या ओळीत दोघांमधलं अंतर जितकं जास्त, तितका धोका जास्त.

धातूच्या आकाराकडे फारसं कोणी बघत नाही. मोठ्या ॲल्युमिनियमच्या पत्र्यात छोटा स्टेनलेस बोल्ट असेल तर झीज मोठ्या पृष्ठभागावर विभागली जाते आणि काही काळ निभावतं. उलट, मोठ्या स्टेनलेस किंवा ब्राँझच्या पट्टीला लोखंडी बोल्ट लावले तर सगळी झीज त्या छोट्या बोल्टांवर येते. नियम असा की बोल्ट नेहमी ज्या भागाला धरतो त्याच्याइतका किंवा त्याच्याहून "वाचणारा" असावा.

स्टेनलेस आणि ॲल्युमिनियमची जोडी टाळता येत नसेल तर मध्ये नायलॉनचा वॉशर आणि दांडीवर नायलॉनची नळी घाला, आट्यांना जोडी वेगळी ठेवणारी पेस्ट लावा. ॲल्युमिनियमभोवती पांढरी पूड दिसू लागली की ही काळजी घेतलेली नाही असं समजा. आणि ॲल्युमिनियमच्या बोटीला तांबंयुक्त रंग पाण्याखाली लावू नका, तोही हाच खेळ करतो.

पाण्याखाली ग्रॅफाइट असलेलं ग्रीस वापरू नका. क्रमात ग्रॅफाइट स्टेनलेसच्याही पलीकडे आहे.

५. माप आणि लांबी

आधी आटे तपासा. जुन्या बोटींत इंची बोल्ट भरपूर आहेत आणि बंदरावर माप अजून सुतात सांगितलं जातं. आठ सूत म्हणजे एक इंच. तीन सूत म्हणजे ९.५ मिमी, आणि त्यावर १० मिमीचा नट सहज चढतो, दोन-चार फेरे फिरतोही, कारण आट्यांचं अंतर जवळपास सारखं आहे: एकाचं १.५९, दुसऱ्याचं १.५ मिमी. तो घट्ट झाल्यासारखा वाटतो आणि पहिल्या मोठ्या लाटेत आटे सोडतो. म्हणून हाताच्या अंदाजावर न जाता गेज लावा.

लांबीचा हिशोब एका उदाहरणाने. डेकवर क्लीट बसवायचा आहे, एम१० (१० मिमी जाडीच्या मेट्रिक) षटकोनी बोल्टाने:

क्लीटची बैठक १० मिमी
फायबरचा डेक १२ मिमी
खालून आधाराची प्लायवूड पट्टी १८ मिमी
वरचा वॉशर २ मिमी, खालचा मोठा वॉशर २.५ मिमी
नायलॉक नट (आत नायलॉनचं कडं असलेला) १० मिमी
नटाबाहेर दोन आटे ३ मिमी

बेरीज ५७.५. बाजारात ५५ नंतर ६० मिळतो, ६० घ्या. षटकोनी बोल्टाची लांबी डोक्याखालून मोजतात, पण चपट्या खोलगट डोक्याच्या सीएसके बोल्टाची डोक्यासकट. दुकानात हे न सांगितल्यामुळे पाच-सहा मिमी आखूड बोल्ट घेऊन परतणारे पुष्कळ असतात.

लाकडी फळीला स्क्रू लावताना लांबी फळीच्या जाडीच्या दुप्पट धरा. २५ मिमीच्या फळीत डोकं ८ मिमी आत बसवून वर लाकडी बुच लावणार असाल तर ५० मिमीच्या स्क्रूचा ३३ मिमी भाग वाकात जातो, आणि तेवढी पकड पुरते.

अर्ध्या आट्यांचा की पूर्ण आट्यांचा? जिथे बाजूने ओढ बसते, म्हणजे विंच, क्लीट, सुकाणू, तिथे अर्ध्या आट्यांचा. साधी दांडी जोडाच्या फटीत यायला हवी, आटे नव्हे. आट्यांच्या खाचेत पाणीही जास्त थांबतं.

६. दुकानात

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला आणि पुण्यात बोहरी आळीत माप आणि ग्रेड दोन्हींची निवड मिळते. बंदरालगतच्या छोट्या दुकानात ३१६ आहे असं सांगितलं तर डोक्यावरचा शिक्का बघा. ए२ म्हणजे ३०४ चं कुळ, ए४ म्हणजे ३१६ चं. पुढचा ७० किंवा ८० हा आकडा ताकदीचा, अनुक्रमे ७०० आणि ८०० मेगापास्कल. तुम्हाला ए४-७० किंवा ए४-८० हवा. शिक्क्याशिवायचा बोल्ट ३१६ च्या भावाने घेऊ नका.

लोहचुंबकाची परीक्षा अर्धवट आहे. चिकटला नाही म्हणून ३१६ ठरत नाही. २०२ सुद्धा फारसा चिकटत नाही. उलट अस्सल ३०४ चा बोल्ट थंड अवस्थेत ठोकून घडवताना किंचित चुंबकीय होतो. घट्ट चिकटला तर मात्र नक्की नको. ३०४ आणि ३१६ मधला फरक कळतो तो मॉलिब्डेनमच्या द्रावणाने, किंवा भंगाराचे मोठे व्यापारी वापरतात त्या एक्स-रेच्या यंत्राने. शंभर-दोनशे नग घेणार असाल तर त्यातला एक तपासून घ्यायला संकोच करू नका, आणि बिलावर "एसएस बोल्ट" ऐवजी "एसएस ३१६" लिहून घ्या.

मुंबईच्या दारुखाना भागातून जुन्या जहाजांचा माल स्वस्तात मिळतो. कप्प्या, क्लीट, ब्राँझचे व्हॉल्व्ह यासाठी ठीक. वापरलेले बोल्ट मात्र कितीही चकचकीत असले तरी सोडा. दुसऱ्या पायरीत म्हटलं तसं, दोष दांडीच्या आत असतो.

नट, वॉशर आणि बोल्ट एकाच ग्रेडचे घ्या. बोल्ट ३१६ आणि वॉशर २०२ हा घोटाळा नेहमीचा आहे. लाल ओघळ दिसतो आणि शिव्या बोल्टाला बसतात.

७. बसवणं

भोक एम१० ला १०.५ मिमी, एम८ ला ८.५ मिमी. वरच्या तोंडाला मिलिमीटरभर उतार काढा, म्हणजे डोक्याखाली सीलंटचं कडं तयार होतं. फायबरच्या डेकमध्ये आत प्लाय किंवा फोम असेल तर भोक आधी १८ ते २० मिमीचं करा, घट्ट इपॉक्सीने भरा, वाळल्यावर मधून योग्य मापाचं भोक पाडा. हे टाळलं की पाणी फोममध्ये शिरतं आणि एक दिवस डेक पायाखाली दबतो.

सीलंट पॉलियुरेथेनचं. सिलिकॉन वापरलं तर पकड कमी पडते आणि नंतर त्या जागेवर रंगही धरत नाही. सीलंट भोकात आणि डोक्याखाली भरपूर लावा, बोल्ट घाला आणि हाताने जेमतेम आवळा. सगळं दाबून बाहेर काढू नका. दुसऱ्या दिवशी डोकं पान्याने स्थिर धरा आणि फक्त नट फिरवून शेवटचा आवळा द्या. डोकं फिरवलं तर तयार झालेलं कडं फाटतं.

स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टावर कोरडा आणि वेगाने फिरवला की आटे एकमेकांत वेल्ड झाल्यासारखे जाम होतात. मग पुढेही जात नाही, मागेही नाही, कापावाच लागतो. आट्यांना अँटीसीझ लावा, हाताच्या पान्याने सावकाश फिरवा, इम्पॅक्ट ड्रिल बाजूला ठेवा. नट अडखळतोय असं वाटताच थांबा, मागे घ्या, साफ करा.

पितळी किंवा ब्राँझचा स्क्रू सागासारख्या घट्ट लाकडात थेट पिळला तर मान तुटते. पायलट भोक पाडून त्यात आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून काढा, मग ब्राँझचा घाला. मेण लावा, साबण लावू नका, तो ओल धरतो.

स्टेनलेसला लोखंडी वायर ब्रश लावू नका आणि त्याच्याजवळ ग्राइंडर चालवू नका. लोखंडाचे कण पृष्ठभागावर रुततात आणि तेच आधी गंजतात. गॅल्वनाइज्ड बोल्ट कापला असेल तर कापलेल्या टोकाला जस्तयुक्त रंगाचे दोन हात द्या.

८. जस्ताच्या वड्या आणि पुढची तपासणी

पंखा, शाफ्ट आणि सुकाणूच्या वाट्याची झीज जस्ताच्या वड्या स्वतःवर घेतात. त्यांच्यावर रंग लावायचा नाही. अर्ध्या झिजल्या की बदलायच्या. वर्षभराने वडी नव्यासारखीच दिसत असेल तर खुश होऊ नका, तिचा धातूशी संपर्कच झालेला नसतो. मल्टिमीटरने वडी ते शाफ्ट रोध मोजा. एक ओहमपेक्षा कमी यायला हवा. जास्त आला तर वडीखालचा रंग आणि गंज खरवडून पुन्हा आवळा.

वर्षानुवर्षं टिकलेले बोल्ट अचानक काही आठवड्यांत संपले तर धातूला दोष देऊन नवे आणू नका. बिल्ज पंपाची उघडी वायर, बॅटरीची ओली जोडणी, डायनॅमोचा गळका अर्थ यांतून पाण्यात वीज जाते आणि तिच्यापुढे कुठलाही ग्रेड टिकत नाही. अशा वेळी आधी वायरमन बोलवा.

दर दोन-तीन वर्षांनी पाण्याखालच्या प्रत्येक ओळीतला एक बोल्ट पूर्ण बाहेर काढून दांडी मोजा. मूळ जाडीपेक्षा दहावा हिस्सा जरी कमी भरली, तरी ती अख्खी ओळ त्याच बंदीच्या काळात बदला. दरवेळी वेगळा बोल्ट काढा आणि कोणता काढला ते वहीत लिहा, नाहीतर दरवेळी तोच एक नवा बोल्ट तपासून सगळं ठीक असल्याचा निर्वाळा दिला जातो.